टेबलची रचना बदलली, हे आपल्याला वेळेत कळावे कसे?

अर्धविराम

आमचा गट दुसऱ्या एका गटाच्या डेटाबेसमधून दररोज रात्री माहिती उचलतो आणि तिच्यावरून अहवाल तयार करतो. मूळ टेबलांवर आमची मालकी नाही, ती केवळ वाचण्याचा अधिकार आम्हाला आहे. एखादा कॉलम गेला किंवा त्याचे नाव बदलले, तर रात्रीची प्रक्रिया मोडून पडते आणि सकाळी सगळ्यांना कळते, त्यामुळे त्याचा फारसा त्रास नाही. खरा घोळ होतो तो काहीच न मोडणाऱ्या बदलाने. अलीकडे ‘दर’ या कॉलमची चार दशांश स्थळे कमी करून दोन केली गेली. आमची प्रक्रिया विनातक्रार पूर्ण झाली, अहवाल वेळेवर गेला, आणि बेरजा मात्र थोड्या थोड्या चुकू लागल्या.

ओळींमधील माहिती बदलल्याची सूचना मला नको आहे. त्यासाठी पुष्कळ साधने आहेत. टेबल, कॉलम, त्यांचे प्रकार, निर्बंध, म्हणजे रचना बदलली की ताबडतोब कळावे, आणि कोणी व केव्हा बदलली तेही कळावे, एवढीच अपेक्षा आहे. मुख्य डेटाबेस पोस्टग्रेस आहे, एक मायएसक्यूएल आहे, आणि एका जुन्या प्रणालीमागे एसक्यूएल सर्व्हर आहे. मूळ गटाची सहकार्याची तयारी आहे, मात्र त्यांच्या कामात खोळंबा होता कामा नये. अशी व्यवस्था प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे.

तळघर

पोस्टग्रेसपुरते बोलायचे तर इव्हेंट ट्रिगर हे साधन नेमके याच कामासाठी आहे. ते 2013 साली 9.3 या आवृत्तीत आले. नेहमीचा ट्रिगर, म्हणजे ठरावीक घटना घडली की आपोआप चालणारे फंक्शन, एखाद्या टेबलावर बसतो, तर इव्हेंट ट्रिगर पूर्ण डेटाबेसवर बसतो आणि क्रिएट, ऑल्टर, ड्रॉप यांसारखी रचनेला हात घालणारी आज्ञा चालली की जागा होतो. ‘डीडीएल_कमांड_एंड’ (डीडीएल म्हणजे रचना बदलणाऱ्या आज्ञा) या घटनेवर तो लावावा आणि त्याच्या फंक्शनमध्ये ‘पीजी_इव्हेंट_ट्रिगर_डीडीएल_कमांड्स’ला विचारावे, कोणत्या वस्तूवर कोणती आज्ञा चालली, ती वस्तू कोणत्या स्कीमात (टेबलांच्या गटात) आहे आणि तिचे पूर्ण नाव काय, हे तिथून मिळते. ही सोय 9.5 पासून आहे.

पहिला खड्डा इथेच आहे. काढून टाकलेल्या वस्तू या यादीत येत नाहीत, कारण आज्ञा संपेपर्यंत त्या उरलेल्याच नसतात. त्यांच्यासाठी ‘एसक्यूएल_ड्रॉप’ या घटनेवर दुसरा ट्रिगर लावावा लागतो आणि तिथे ‘पीजी_इव्हेंट_ट्रिगर_ड्रॉप्ड_ऑब्जेक्ट्स’ची यादी वाचावी लागते. ऑल्टर टेबलने एखादा कॉलम काढला, तर नेमका कोणता कॉलम गेला हेही या दुसऱ्याच ट्रिगरला कळते. पहिल्याला फक्त ‘टेबलात काहीतरी बदल झाला’ एवढेच दिसते. एकच ट्रिगर लावून निश्चिंत झालेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे आवर्जून लिहीत आहे.

आणखी एक मर्यादा अशी की, संपूर्ण सर्व्हरला सामाईक असणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे डेटाबेस, रोल आणि टेबलस्पेस यांच्यासाठी, हे ट्रिगर चालत नाहीत. तुमच्या गरजेला त्याने बाधा येत नाही.

अर्धविराम

धन्यवाद. मग त्या फंक्शनमधूनच थेट मेल पाठवला किंवा आमच्या गटाच्या चॅटवर संदेश टाकला, तर चालेल का?

तळघर

कृपया तसे करू नका. इव्हेंट ट्रिगर हा मूळ आज्ञेच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे एकत्र टिकते किंवा एकत्र रद्द होते अशा व्यवहारात, चालतो. मेल सर्व्हरने उत्तर द्यायला वेळ लावला, तर ऑल्टर टेबलने त्या टेबलावर घेतलेले कुलूप तेवढा वेळ तसेच राहते आणि मागे सगळ्यांची रांग लागते. फंक्शनमध्ये काही चूक उद्भवली, तर मूळ आज्ञाच रद्द होते. उलट बाजूने पाहिले तर पोस्टग्रेसमध्ये रचनेचे बदलही मागे घेता येतात, म्हणून मेल गेल्यानंतर कोणी रोलबॅक केले, म्हणजे व्यवहार मागे घेतला, तर न झालेल्या बदलाची बातमी गावभर झालेली असते.

फंक्शनने एका नोंद-टेबलात एक ओळ घालावी आणि बाजूला व्हावे. ती ओळ त्याच ट्रान्झॅक्शनचा भाग असल्यामुळे बदल टिकला तरच नोंद टिकते. संदेश पाठवण्याचे काम बाहेरच्या एखाद्या लहान प्रोग्रामने ती टेबल वाचून करावे. तत्परता हवी असेल तर सोबत ‘नोटिफाय’ ही ऐकत बसलेल्या प्रोग्रामला संदेश देणारी आज्ञा वापरता येते. तो संदेशही कमिट झाल्यावरच, म्हणजे व्यवहार पक्का झाल्यावरच, बाहेर पडतो. मात्र त्या क्षणी ‘लिसन’ करून कोणी बसलेले नसेल, तर तो संदेश कायमचा हरवतो, आणि त्यात मावणारा मजकूर 8000 बाइटच्या आतच असावा लागतो. म्हणून ‘नोटिफाय’ने फक्त टकटक करावी आणि खरी माहिती नोंद-टेबलातूनच घ्यावी.

ज्या गटाचा डेटाबेस आहे त्यांचा खोळंबा होऊ नये असे तुम्ही म्हटले आहे, तर अधिकारांकडे विशेष लक्ष द्या. फंक्शन आज्ञा देणाऱ्याच्या अधिकारात चालते. त्याला तुमच्या नोंद-टेबलात लिहिण्याचा अधिकार नसेल, तर त्याची ऑल्टर आज्ञा एका अनोळखी टेबलाच्या नावाने चूक दाखवून थांबेल आणि तो तुमच्या नावाने बोटे मोडेल. फंक्शन ‘सिक्युरिटी डिफायनर’ करावे, म्हणजे ते त्याच्या मालकाच्या अधिकारात चालेल, त्याचा सर्च पाथ (नावे कोणत्या स्कीमांत शोधायची ती यादी) बांधून टाकावा, आणि नाव नोंदवताना ‘करंट_यूजर’ऐवजी ‘सेशन_यूजर’ घ्यावा. नाहीतर प्रत्येक बदल फंक्शनच्या मालकानेच केला असे दिसेल.

उभी रेघ

एसक्यूएल सर्व्हरची बाजू मी मांडतो. तिथे डीडीएल ट्रिगर 2005 च्या आवृत्तीपासून आहेत. ‘डीडीएल_टेबल_इव्हेंट्स’ या घटनासमूहावर ट्रिगर लावला की ‘इव्हेंटडेटा’ हे फंक्शन एक्सएमएल स्वरूपात लॉगिन, वेळ, वस्तूचे नाव आणि चाललेल्या आज्ञेचा पूर्ण मजकूर देते. वर तळघर यांनी सांगितलेली अधिकारांची अडचण इथेही तशीच आहे. त्यासाठी ट्रिगर ‘एक्झिक्यूट ॲज’ने ठरावीक खात्याच्या अधिकारांशी बांधतात.

त्याच आवृत्तीत आलेले ‘इव्हेंट नोटिफिकेशन’ मात्र लोक विसरतात. ते सर्व्हिस ब्रोकरच्या, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरमधील संदेशव्यवस्थेच्या, रांगेत संदेश टाकते, मूळ आज्ञेला थांबवत नाही आणि तिच्या ट्रान्झॅक्शनच्या बाहेर चालते. खोळंबा नको ही तुमची अट असल्यामुळे मी हाच मार्ग सुचवेन, जरी तो उभारायला जरा किचकट आहे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कॉलमचे नाव बदलण्यासाठी लोक ‘एसपी_रीनेम’ वापरतात. त्यासाठी ‘रीनेम’ ही घटना वेगळी आहे आणि ती टेबलांच्या घटनासमूहात आपोआप येईल असे गृहीत धरू नका. दुसरे असे की, मॅनेजमेंट स्टुडिओच्या चित्रमय डिझायनरमधून काही बदल केले, तर तो तात्पुरत्या नावाचे नवे टेबल तयार करतो, त्यात माहिती ओततो, जुने टेबल काढून टाकतो आणि नव्याला जुने नाव देतो. माणसाने एका कॉलमची जागा बदललेली असते आणि सूचनांमध्ये टेबलच्या जन्ममृत्यूची अख्खी कहाणी येते.

काही बसवण्याची परवानगीच नसेल, तर सर्व्हर आपोआप ठेवतो त्या ‘डिफॉल्ट ट्रेस’मध्ये वस्तू निर्माण झाल्याच्या, बदलल्याच्या आणि काढल्याच्या नोंदी असतात. मात्र त्याच्या फायली लहान असून फिरत राहतात, त्यामुळे कामाच्या गर्दीत जुन्या नोंदी लवकर पुसल्या जातात.

पडताळा

वरील सर्व मार्ग घटना पकडण्याचे आहेत आणि ते उत्तम आहेत, परंतु मूळ प्रश्नाचे अर्धेच उत्तर त्यांत आहे. अर्धविराम यांच्या ‘दर’ या कॉलमचेच उदाहरण घेऊ. इव्हेंट ट्रिगर म्हणेल की या टेबलावर ऑल्टर चालले. आधी चार दशांश स्थळे होती आणि आता दोन आहेत, हे तो म्हणणार नाही, कारण आज्ञा संपली तेव्हा जुना प्रकार कॅटलॉगमधून (डेटाबेस स्वतःच्या रचनेची माहिती ठेवतो त्या टेबलांतून) पुसला गेलेला असतो. आज्ञेच्या मजकुरातही फक्त नवा प्रकारच लिहिलेला असतो. आधीचे व आताचे शेजारी शेजारी दाखवायचे असेल, तर आधीच्या रचनेची प्रत आपल्याजवळ असलीच पाहिजे.

म्हणून मी ठरावीक अंतराने रचनेची प्रत काढून मागील प्रतीशी ताडून पाहण्याच्या बाजूचा आहे. ही पद्धत सगळ्या डेटाबेसांवर चालते, मूळ गटाच्या व्यवस्थेत काहीही बसवावे लागत नाही, आणि कोणी ट्रिगर बंद करून बदल केला तरी तिच्या नजरेतून सुटत नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये बदल होऊन पूर्ववतही झाला, तर तो मात्र तिला दिसत नाही, आणि कोणी केला हेही ती सांगू शकत नाही.

मायएसक्यूएलमध्ये तर रचनेच्या बदलावर चालणारे ट्रिगर मुळातच नाहीत, त्यामुळे तिथे हाच पहिला उपाय आहे.

ताडून पाहताना कोठून वाचता याला फार महत्त्व आहे. बहुतेक जण ‘इन्फर्मेशन_स्कीमा’मधील ‘कॉलम्स’ हे कॉलमांची यादी देणारे दृश्य (व्ह्यू) वाचतात. पोस्टग्रेसमध्ये त्या दृश्यात वाचणाऱ्याला ज्यांवर अधिकार आहे तेवढेच कॉलम दिसतात. एखाद्याने तुमच्या वाचक खात्याचा एका टेबलावरील अधिकार काढून घेतला, तर तुमची पडताळणी ‘टेबलातील सर्व कॉलम नाहीसे झाले’ अशी आरोळी ठोकेल. आणि नवे टेबल तयार झाले पण अधिकार दिला नसेल, तर ती चकार शब्द काढणार नाही. त्याऐवजी ‘पीजी_ॲट्रिब्यूट’ हे कॅटलॉगमधील टेबल वाचावे, त्यात प्रत्येक कॉलमची एक ओळ आणि त्याचा क्रमांक असतो. शून्याहून मोठा क्रमांक असलेल्या आणि काढून न टाकलेल्या ओळी तेवढ्या घ्याव्यात. काढलेल्या कॉलमची ओळ तिथे विचित्र नावाने पडून राहते, ती गाळली नाही तर भुताटकी झाल्यासारखे वाटते.

या क्रमांकाचा एक सुंदर उपयोग आहे. नुसती नावे ताडली, तर ‘ग्राहक_क्र’चे ‘ग्राहक_आयडी’ झाल्यावर एक कॉलम गेला आणि एक आला असे दिसते. पोस्टग्रेसमध्ये नाव बदलले तरी कॉलमचा क्रमांक तोच राहतो आणि नव्या कॉलमला नेहमी नवा क्रमांक मिळतो. क्रमांक तोच आणि नाव वेगळे, म्हणजे नामांतर. क्रमांकच वेगळा, म्हणजे जुने काढून नवे घातले. अहवाल तयार करणाऱ्याच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, कारण पहिल्या प्रकारात जुनी माहिती जागेवर असते.

नोंदवही

मायएसक्यूएलबद्दल पडताळा यांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. ट्रिगर नसले तरी बायनरी लॉग, म्हणजे झालेल्या बदलांची क्रमवार नोंद, आहे. रो पद्धतीचे (ओळींतील बदल नोंदवणारे) लॉगिंग चालू असले तरीही रचना बदलणाऱ्या आज्ञा त्यात मजकूर स्वरूपातच लिहिल्या जातात. डेबेझियमसारखे साधन तो लॉग वाचते आणि रचनेतील बदलांचा स्वतंत्र प्रवाह देऊ शकते. केवळ याच कामासाठी ते उभारणे म्हणजे मुंगी मारायला तोफ आणण्यासारखे होईल, पण ते आधीपासून चालू असेल तर हात आखडता घेऊ नये.

मोठ्या टेबलांवर सेवा न थांबवता बदल करण्यासाठी अनेक गट घोस्ट हे साधन किंवा पर्कोनाचे तत्सम साधन वापरतात. ही साधने मूळ टेबलवर थेट ऑल्टर चालवतच नाहीत. ती शेजारी एक सावली टेबल तयार करतात, बदल तिच्यावर करतात, माहिती हळूहळू तिकडे नेतात आणि शेवटी नावांची अदलाबदल करतात. ‘ऑर्डर्स’ टेबलावरील ऑल्टर शोधत बसलेल्याला ते कधीच दिसत नाही. दिसते ते अधोरेषेने सुरू होणाऱ्या भलत्याच टेबलावरील ऑल्टर आणि त्यानंतर कितीतरी वेळाने आलेले रीनेम. रीनेमकडे दुर्लक्ष करणारी गाळणी लावली, तर नेमका महत्त्वाचा बदल निसटेल.

पडताळणीसाठी प्रत्येक टेबलच्या सर्व कॉलमांची नावे व प्रकार ‘ग्रुप_कॉन्कॅट’ने जोडून त्याचा हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी खूण) काढायचा, ही युक्ती इंटरनेटवर जागोजागी आढळते. मायएसक्यूएलमध्ये या फंक्शनच्या निकालाची लांबी मुळात 1024 बाइटवर बांधलेली असते, आणि त्यापुढचा मजकूर फक्त एक इशारा देऊन कापला जातो. तो इशारा कोणी वाचत नाही. परिणामी रुंद टेबलच्या शेवटी घातलेला नवा कॉलम हॅशमध्ये येतच नाही आणि पडताळणी वर्षभर ‘सर्व ठीक’ म्हणत राहते. एकतर ती मर्यादा सेशनपुरती वाढवावी, किंवा ओळी जशाच्या तशा बाहेर आणून हॅश प्रोग्राममध्ये काढावा. मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण हॅश फक्त ‘बदलले’ एवढेच सांगतो आणि काय बदलले ते पाहायला ओळी लागतातच.

आडवी वाट

सर्वांबद्दल आदर राखून वेगळे मत नोंदवतो. बदल झाल्यावर कळणे म्हणजे घोडे पळाल्यावर तबेल्याचे दार लावणे होय. रचनेचा प्रत्येक बदल मायग्रेशनच्या, म्हणजे बदलाच्या आज्ञा लिहून ठेवलेल्या, फाइलमधून आणि पुनरावलोकन होऊनच गेला पाहिजे, आणि माहिती वापरणाऱ्या गटाला त्या पुनरावलोकनातच सामील केले पाहिजे. फ्लायवे किंवा लिक्विबेस ही मायग्रेशन चालवणारी साधने वापरत असाल, तर काय केव्हा चालले याचा इतिहास त्यांच्या टेबलात आधीच लिहिलेला असतो. वेगळे ट्रिगर आणि वेगळ्या पडताळण्या कशासाठी?

तळघर

तत्त्वतः सहमत. व्यवहारात, मध्यरात्री प्रणाली अडखळते, कोणीतरी थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातील डेटाबेसवर, जाऊन कॉलमची लांबी वाढवतो, आणि ‘उद्या मायग्रेशन लिहू’ म्हणून झोपतो. फ्लायवेच्या इतिहासात फ्लायवेमधून गेलेलेच दिसते; हाताने केलेला बदल त्याच्या गावीही नसतो. तुमचा मार्ग नियोजित बदलांसाठी आणि आमचा मार्ग अनियोजित बदलांसाठी, अशी वाटणी केली तर वाद राहत नाही. किंबहुना दोन्ही असतील तर एक चांगली गोष्ट साधते: पकडलेला बदल मायग्रेशनच्या इतिहासाशी जुळला, तर साधी नोंद करावी; जुळला नाही, तरच कोणालातरी उठवावे.

आडवी वाट

ही वाटणी मला मान्य आहे. फक्त पुनरावलोकनाचा भाग ‘पुढे बघू’ म्हणून राहून जाऊ नये, कारण ‘दर’चा बदल तिथे एका प्रश्नात थांबला असता.

उभी रेघ

उठवण्याचा विषय निघाला म्हणून गोंगाटाबद्दल लिहितो. सूचना जास्त झाल्या की आठवड्याभरात त्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ लागतात आणि मग असून नसल्यासारख्या होतात. पोस्टग्रेसमध्ये तात्पुरते टेबल तयार केले तरी इव्हेंट ट्रिगर चालतो; एखाद्या अहवालाने मिनिटामिनिटाला तात्पुरते टेबल केले, तर पाहायलाच नको. दररोज आपोआप तयार होणारी पार्टिशन (मोठ्या टेबलचे तुकडे) हा दुसरा मोठा स्रोत. तात्पुरत्या वस्तू नोंदीतूनच वगळाव्यात. पार्टिशनांची नोंद ठेवावी, पण त्यांची सूचना पाठवू नये.

सूचनेत आज्ञेचा पूर्ण मजकूर जसाच्या तसा चॅटवर टाकण्याचा मोह होतो, तोही आवरावा. ‘क्रिएट यूजर मॅपिंग’सारख्या आज्ञेत दुसऱ्या सर्व्हरचा पासवर्ड साध्या अक्षरांत असू शकतो. ट्रिगर फक्त टेबलांसंबंधी आज्ञांपुरता मर्यादित ठेवावा आणि पूर्ण मजकूर नोंद-टेबलातच राहू द्यावा.

अर्धविराम

चर्चेवरून आमच्यापुरती आखणी अशी ठरते आहे. पोस्टग्रेसवर दोन इव्हेंट ट्रिगर आणि नोंद-टेबल मूळ गटाने त्यांच्याच मालकीत बसवावे, आम्ही ते वाचावे. तिन्ही डेटाबेसांची पडताळणी आमच्याकडून दर तासाला आणि रात्रीची प्रक्रिया सुरू होण्याच्या लगेच आधी एकदा चालावी. एसक्यूएल सर्व्हरवर इव्हेंट नोटिफिकेशनची परवानगी मागतो आहे. यात ‘दर’सारखा बदल आढळला तर प्रक्रिया थांबवावी की सूचना देऊन पुढे जावे, याबद्दल गटात एकमत नाही.

आणखी एक विचारायचे आहे. आमच्यातील एकाने पोस्टग्रेससाठी ‘पीजी_डंप’ या प्रत काढणाऱ्या साधनाने केवळ रचना काढून ती गिट या फायलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात ठेवण्याचे सुचवले आहे. पण त्याच्या चाचणीत काहीही न बदलता दररोज फरक दिसतो. हे का होत असावे?

पडताळा

तो फरक फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी असलेल्या ‘रिस्ट्रिक्ट’ व ‘अनरिस्ट्रिक्ट’ या ओळींत असणार. ऑगस्ट 2025 मधील सुरक्षा दुरुस्तीनंतर पीजी_डंप साध्या मजकुराच्या फाइलमध्ये या दोन ओळी घालतो आणि त्यांतील खूण प्रत्येक वेळी नव्याने तयार होते. ती खूण स्वतः ठरवून देण्याचा ‘रिस्ट्रिक्ट-की’ हा पर्याय त्याच दुरुस्तीत दिलेला आहे. नेहमी एकच मूल्य दिले की फरक नाहीसा होतो. अर्थात ही सोय केवळ ताडून पाहण्याच्या प्रतीसाठी वापरा, कारण डंप पुन्हा भरताना ती खूण कोणाला अंदाज न येणारी असण्यातच तिचे संरक्षण आहे.

थांबवावे की पुढे जावे, याचा एकच नियम सर्व बदलांना लावू नका. नवा कॉलम आला तर पुढे जावे. तुमच्या अहवालात वापरात असलेला कॉलम गेला, त्याचा प्रकार आकुंचन पावला, किंवा ‘रिकामे चालणार नाही’ हा निर्बंध उठला, तर थांबावे. त्यासाठी तुम्ही कोणते कॉलम कोणत्या प्रकाराचे गृहीत धरता याची यादी तुमच्याच प्रक्रियेत लिहून ठेवा आणि पहिली पायरी म्हणून प्रत्यक्ष रचना तिच्याशी ताडा. शेकडो टेबलांपैकी तुम्ही वापरत असलेले कॉलम मोजकेच असतील, त्यामुळे ही यादी वाटते तेवढी मोठी होत नाही.

तळघर

शेवटची एक सूचना. ही व्यवस्था मूक राहून बंद पडू शकते आणि तिची शांतता ‘काही बदलले नाही’ अशीच ऐकू येते. इव्हेंट ट्रिगर त्या त्या डेटाबेसपुरता असतो, त्यामुळे स्थलांतरात नवा डेटाबेस तयार करून केवळ निवडक स्कीमा तिकडे नेल्या, तर तो मागेच राहतो. सेशनमध्ये ‘सेशन_रेप्लिकेशन_रोल’ हे सेटिंग ‘रेप्लिका’ केले, तर साध्या पद्धतीने लावलेला ट्रिगर चालत नाही. तो ‘ऑल्वेज’ करून ठेवावा. 17 या आवृत्तीपासून तर इव्हेंट ट्रिगर तात्पुरते बंद ठेवण्याचे ‘इव्हेंट_ट्रिगर्स’ हे स्वतंत्र सेटिंगच आले आहे.

म्हणून मूळ गटाला एक रिकामे सरावाचे टेबल ठेवायला सांगा. दररोज ठरलेल्या वेळी एका स्वयंचलित कामाने त्यात एक कॉलम घालावा आणि तासाभराने, म्हणजे मध्ये एक पडताळणी होऊन गेल्यावर, काढावा. घालण्याची नोंद पहिल्या ट्रिगरकडून आणि काढण्याची दुसऱ्याकडून नोंद-टेबलात आली पाहिजे, आणि पडताळणीलाही तो कॉलम दिसला पाहिजे. या नोंदींची सूचना कोणालाही पाठवू नये. ठरलेल्या वेळेनंतर त्यांतील एखादी आली नाही, तरच सूचना पाठवावी.